इंग्रजी वाक्य ‘-इंग’ आणि ‘टू’पाशीच का अडतं? व्हर्बल फ्रेजचा बिघाड शोधायची पद्धत

आधी लक्षणं पाहू. खालच्यासारखं एखादं वाक्य तुमच्या वहीत, ईमेलमध्ये किंवा प्रबंधात असेल, तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे.

‘आय एन्जॉय टू रीड.’
‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’
‘ही वेंट टू पुणे फॉर मीटिंग हिज अंकल.’
‘रीडिंग नॉव्हेल्स आर माय हॉबी.’
‘माय टीचर मेड मी टू राइट इट अगेन.’
‘आय ॲम व्हेरी बोरिंग टुडे.’
‘बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड.’
‘गेटिंग ऑफ द बस, द रेन स्टार्टेड.’

आठही वाक्यं चुकीची आहेत. मराठी घरांतून आलेल्या इंग्रजीत ती वर्षानुवर्षं त्याच रूपात सापडतात. आणखी एक लक्षण परीक्षेतलं: ‘-इंग’वालं पद अधोरेखित करून विचारलेलं असतं, हे जेरंड की पार्टिसिपल? उत्तर अंदाजाने लिहिलं जातं आणि निम्म्या वेळा चुकतं.

बिघाडाचं मूळ समजलं की पुढच्या तपासण्या सोप्या जातात. मराठीत धातूला लागलेला प्रत्ययच त्याचं काम सांगून टाकतो. ‘लिही’ घ्या: लिहिणं, लिहायला, लिहिण्यासाठी, लिहिणारा, लिहिलेला, लिहीत, लिहिताना, लिहून, लिहिल्यावर. शाळेत आपण यांना धातुसाधितं किंवा कृदंतं म्हणतो. नऊ रूपं, आणि प्रत्येकाचं काम कानाला वेगळं ऐकू येतं. इंग्रजीत या सगळ्यांसाठी मिळून साचे तीनच: ‘टू राइट’, ‘रायटिंग’ आणि ‘रिटन’. एकच ‘रायटिंग’ कधी ‘लिहिणं’ असतं, कधी ‘लिहिणारा’, कधी ‘लिहिताना’. कोणतं काम चाललंय हे शब्दाच्या जागेवरून आणि शेजारच्या शब्दांवरून ओळखावं लागतं. आपण मात्र सवयीने शब्दाच्या शेवटाकडे बघतो आणि तिथेच फसतो.

नावांचा घोळही इथेच मिटवून घ्या, कारण शोधताना भलतंच पान उघडतं. ‘हॅज बीन कुकिंग’ ही व्हर्ब फ्रेज, म्हणजे वाक्याचं पूर्ण क्रियापद. ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’ हे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द चिकटून तयार झालेलं नवं क्रियापद. आणि ‘कुकिंग फॉर टेन पीपल’, ‘टू कुक फॉर टेन पीपल’, ‘कुक्ड ऑन अ स्लो फायर’ या व्हर्बल फ्रेजेस: क्रियापदापासून निघालेल्या, पण वाक्यात नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण म्हणून राबणाऱ्या. हा लेख शेवटच्या गटाबद्दल आहे. त्यातले तीन प्रकार म्हणजे जेरंड (नामाचं काम करणारं ‘-इंग’), पार्टिसिपल (विशेषणाचं किंवा क्रियाविशेषणाचं काम करणारं ‘-इंग’ किंवा ‘कुक्ड’, ‘रिटन’सारखं रूप) आणि इन्फिनिटिव्ह (‘टू’ आणि मूळ क्रियापद).

तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. पहिली तपासणी न करता सातवीला हात घातला, तर बरोबर वाक्यही बिघडवून ठेवाल.

पहिली तपासणी: वाक्यात खरं क्रियापद आहे का?

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘यस्टर्डे’ ठेवून बघा आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते पाहा.

‘द बॉय सेलिंग वडापाव निअर द स्टेशन स्पीक्स फोर लँग्वेजेस.’ काल म्हटलं की ‘स्पीक्स’चं ‘स्पोक’ होतं. ‘सेलिंग’ तसंच राहतं. म्हणजे ‘स्पीक्स’ हे खरं क्रियापद आणि ‘सेलिंग वडापाव निअर द स्टेशन’ ही त्या मुलाची ओळख पटवणारी व्हर्बल फ्रेज. व्हर्बलला काळ बदलता येत नाही, म्हणून एकट्या व्हर्बलवर वाक्य उभं राहत नाही. वाक्य आधीच भूतकाळातलं असेल, तर ‘यस्टर्डे’ऐवजी ‘टुमॉरो’ ठेवा. तरीही काहीच बदललं नाही, तर समजा वाक्य अजून पूर्णच झालेलं नाही.

ही चूक सगळ्यात जास्त अर्जांमध्ये दिसते. ‘होपिंग टू हिअर फ्रॉम यू सून.’ एवढं लिहून पूर्णविराम दिलेला असतो. आशा कोण करतंय ते वाक्यात नाही. ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू सून’ म्हटलं की झालं. आपल्याकडच्या अर्जाच्या शेवटी येणारं ‘थँकिंग यू’ही याच जातीचं. जुन्या पत्रांत ते ‘थँकिंग यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली’ असं एकाच वाक्यात गुंफलेलं असायचं. पुढे ‘आय रिमेन’ गळालं आणि शेपूट तेवढं उरलं. सरकारी अर्जात ते चालून जातं, पण परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला लिहिताना सरळ ‘थँक यू’ लिहा.

दुसरी: ‘इज’ की ‘आर’?

‘रीडिंग नॉव्हेल्स’ हा सगळा गट उचला आणि त्या जागी ‘इट’ ठेवा. ‘इट इज माय हॉबी.’ म्हणून ‘रीडिंग नॉव्हेल्स इज माय हॉबी.’ कादंबऱ्या अनेक असल्या तरी वाचणं ही गोष्ट एकच. चूक होते कारण क्रियापदाच्या लगेच आधी ‘नॉव्हेल्स’ हा अनेकवचनी शब्द येतो आणि हात आपोआप ‘आर’ लिहितो.

कधी दोन्ही बरोबर असतात आणि अर्थ बदलतो. ‘फीडिंग डॉग्ज इज रिस्की’ म्हणजे कुत्र्यांना खायला घालणं धोक्याचं. ‘फीडिंग डॉग्ज आर रिस्की’ म्हणजे खात असलेली कुत्री धोक्याची. पहिल्यात ‘फीडिंग’ जेरंड आहे, दुसऱ्यात पार्टिसिपल, आणि वाचणाऱ्याला हे फक्त त्या एका ‘इज’-‘आर’वरून कळतं.

तिसरी: आधी कोणता छोटा शब्द आहे?

‘इन, ऑन, ॲट, ऑफ, फॉर, फ्रॉम, बाय, विदाऊट, आफ्टर, बिफोर’ या शब्दयोगी अव्ययांनंतर क्रिया आली की ती ‘-इंग’मध्येच येते. ‘गुड ॲट ड्रॉइंग’, ‘टायर्ड ऑफ वेटिंग’, ‘बिफोर साइनिंग’. इथे फारसा विचार करावा लागत नाही. मराठीतलं ‘न विचारता’, ‘न जेवता’ हेही ‘विदाऊट आस्किंग’, ‘विदाऊट ईटिंग’ असं सरळ उतरतं.

खरा त्रास ‘टू’चा आहे, कारण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हचा, दुसरा साधा शब्दयोगी. दिसायला, उच्चारायला अगदी सारखे. ओळखायचे कसे? ‘टू’नंतर क्रियेऐवजी एखादं नाम ठेवून बघा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द वेडिंग’ हे बसतं. म्हणजे हा ‘टू’ शब्दयोगी आहे आणि त्यानंतर क्रिया आणायची तर ‘-इंग’: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. उलट ‘आय वाँट टू द वेडिंग’ कानाला खटकतं. तो इन्फिनिटिव्हचा ‘टू’, त्यानंतर मूळ क्रियापद. शब्दयोगी ‘टू’वाले नेहमी लागणारे गट पाठ करण्याएवढे थोडे आहेत: ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘बी कमिटेड टू’, ‘बी ॲडिक्टेड टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘व्हेन इट कम्स टू’ आणि ‘बी यूज्ड टू’.

शेवटच्याकडे जरा थांबून बघा. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ म्हणजे मी पूर्वी साताऱ्यात राहायचो, आता राहत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन सातारा’ म्हणजे साताऱ्यात राहायची मला सवय आहे. मधल्या एका ‘ॲम’ने अर्थ उलटतो. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय यूज्ड टू वर्क लेट’ म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की उशिरापर्यंत कामाची सवय आहे. समोरच्याला ऐकू येतं की आता ती सवय सुटली.

‘-ण्यासाठी’चं भाषांतरही इथेच फसतं. आपल्या ‘साठी’ला ‘फॉर’ जोडायची सवय लागलेली असते, म्हणून ‘भेटण्यासाठी’चं ‘फॉर मीटिंग’ होतं. माणूस एखादी गोष्ट कोणत्या हेतूने करतो हे सांगायचं असेल तर इंग्रजीत ‘टू’ येतं: ‘ही वेंट टू पुणे टू मीट हिज अंकल.’ ‘फॉर’ आणि ‘-इंग’ ही जोडी दोन जागी चालते. वस्तूचा उपयोग सांगताना: ‘अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड’. आणि कशाबद्दल आभार, दंड, शाबासकी हे सांगताना: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘फाइन्ड फॉर स्पिटिंग’.

चौथी: आधीचं क्रियापद काय मागतं?

इथे थोडं पाठांतर आहे, त्याला इलाज नाही. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, डिनाय, ॲडमिट, कन्सिडर, पोस्टपोन, प्रॅक्टिस, रिस्क, मिस, सजेस्ट’ यांच्यामागे ‘-इंग’. ‘वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, अग्री, रिफ्यूज, ऑफर, मॅनेज, अफोर्ड, एक्स्पेक्ट, लर्न’ यांच्यामागे ‘टू’. दोन्ही याद्या एकदम घोकू नका. तुम्ही रोज वापरता ती पाच-सहा क्रियापदं निवडा आणि प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य तोंडात बसवा. नुसता शब्द पाठ केला तर ऐन वेळी मागचा ‘टू’ आठवत नाही, वाक्य पाठ असेल तर तो आपोआप येतो.

ढोबळ आधार म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवता येते. हा ‘टू’ मुळात दिशा दाखवणाराच ‘टू’ आहे, अमुककडे जाणारा, म्हणून अजून न घडलेल्या गोष्टींशी तो बहुधा जुळतो: इच्छा, बेत, वचन. घडलेल्या, चालू असलेल्या किंवा नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीकडे ‘-इंग’ जातं. पण ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’ पुढच्या गोष्टींबद्दल असूनही ‘-इंग’च घेतात. त्यामुळे हा आधार शंका आली तर वापरायचा, नियम म्हणून नाही.

‘एन्जॉय टू रीड’ कुठून येतं तेही पाहा. मराठीत ‘मला वाचायला आवडतं’ आणि ‘मला वाचायचंय’ या दोन्हींत ‘वाचाय-’ आहे, म्हणून दोन्हीकडे ‘टू रीड’ लावलं जातं. ‘लाइक’ दोन्ही रूपं घेतं, त्यामुळे ‘आय लाइक टू रीड’ बरोबर ठरतं आणि चूक आणखी पक्की होते. ‘एन्जॉय’ मात्र ‘टू’ घेतच नाही.

‘सजेस्ट’ला वेगळी वागणूक द्यावी लागते. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चूक. ‘ही सजेस्टेड गोइंग’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ बरोबर. ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’ चालतं, म्हणून सवयीने ‘सजेस्ट’लाही तेच जोडलं जातं.

‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यानंतर ‘टू’ अजिबात नाही: ‘मेड मी राइट इट अगेन’, ‘लेट हिम गो’. गंमत अशी की कर्मणी प्रयोग केला की ‘मेक’चा ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू राइट इट अगेन.’ ‘हेल्प’ला दोन्ही चालतात. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्यापुढे मूळ रूपही येतं आणि ‘-इंग’ही, पण फरक राहतो. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे गेलेला पाहिला. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ म्हणजे ओलांडत असताना पाहिला, पलीकडे पोहोचला की नाही कोण जाणे. अपघाताच्या जबाबात हा फरक फार मोठा ठरू शकतो.

आता दोन्ही रूपं घेणारी, पण अर्थ बदलणारी क्रियापदं. इथे मराठी आपली सगळ्यात मोठी मदत आहे. घराला कुलूप लावून तुम्ही जिना उतरताय, मधल्या पायरीवर पाय थबकतो आणि गॅसची शंका येते. ‘आय रिमेंबर्ड टू टर्न ऑफ द गॅस’ म्हणजे आठवणीने बंद केला, निश्चिंत जा. ‘आय रिमेंबर टर्निंग ऑफ द गॅस’ म्हणजे बंद केल्याचं आठवतंय, बटणाचा खटका बोटांना अजून जाणवतोय. ‘आय फरगॉट टू टर्न ऑफ द गॅस’ म्हणजे बंद करायला विसरलो, परत वर चढा. मराठी रूपांकडे नीट पाहा: ‘करायला’ आलं की ‘टू’, ‘केल्याचं’ आलं की ‘-इंग’.

‘स्टॉप’लाही तीच पट्टी लागते. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे चहा प्यायला थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे चहा पिणं सोडलं. ‘ट्राय’मध्ये तर मराठी जोडी इतकी चपखल बसते की वेगळा नियम लागतच नाही: ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न कर, ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून बघ, बरं वाटेल कदाचित. ही मराठी कसोटी फक्त ‘रिमेंबर, फर्गेट, स्टॉप, ट्राय’ यांच्यासाठी आहे. ‘एन्जॉय’ला लावली तर पुन्हा खड्ड्यात पडाल.

पाचवी: ‘बोरिंग’ की ‘बोअर्ड’?

‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. कंटाळा आलाय हे सांगायला ‘आय ॲम बोअर्ड’. जिच्यामुळे भावना निर्माण होते तिला ‘-इंग’, ज्याला ती होते त्याला ‘-एड’. कंटाळवाणा-कंटाळलेला, थकवणारा-थकलेला, घाबरवणारा-घाबरलेला अशा जोड्या मराठीत तयार आहेतच. ‘-वाणा’ आणि ‘-णारा’ला ‘-इंग’, ‘-लेला’ला ‘-एड’.

पण ‘-लेला’ एका ठिकाणी दगा देतो आणि हे क्वचितच कुणी सांगतं. बसलेला माणूस, झोपलेलं बाळ, आडवा पडलेला ओंडका, खुंटीला लटकलेली पिशवी, नऊवारी नेसलेली बाई. या सगळ्यांना मराठीत ‘-लेला’, तर इंग्रजीत ‘-इंग’: ‘द मॅन सिटिंग देअर’, ‘द स्लीपिंग बेबी’, ‘द लॉग लाइंग ऑन द रोड’, ‘द बॅग हँगिंग ऑन द हुक’, ‘द वुमन वेअरिंग अ नऊवारी’. मराठी पाहते की बसण्याची क्रिया होऊन गेली आणि आता तिचा परिणाम दिसतोय. इंग्रजी पाहतं की बसलेपण अजून चालू आहे. शरीराची स्थिती आणि अंगावरचे कपडे यांच्याबाबत ‘-लेला’ दिसला की ‘-इंग’ लिहा. ‘द सॅट मॅन’ असं कधीच होत नाही.

सहावी: जेरंड की पार्टिसिपल?

बारावीच्या इंग्रजीत ‘डू ॲज डायरेक्टेड’खाली जेरंड वापरा, इन्फिनिटिव्ह वापरा असे प्रश्न येतात, स्पर्धा परीक्षांत ओळखायला सांगतात. कसोटी पुन्हा मराठीची. भाषांतरात ‘-णं’ आलं तर जेरंड, ‘-णारा, -त, -ताना, -लेला’ आलं तर पार्टिसिपल. ‘स्वीमिंग इज गुड एक्सरसाइज’: पोहणं, जेरंड. ‘द गर्ल स्वीमिंग इन द रिव्हर इज माय कझिन’: पोहणारी, पार्टिसिपल. ‘शी केम होम सिंगिंग’: गात गात, पार्टिसिपल.

नामाच्या आधी ‘-इंग’ आलं की गोंधळ वाढतो. ‘स्लीपिंग बॅग’मधली पिशवी झोपत नाही, ती झोपण्यासाठी आहे. म्हणून जेरंड. ‘स्लीपिंग बेबी’ स्वतः झोपलेलं आहे. म्हणून पार्टिसिपल. ‘वॉकिंग स्टिक’, ‘ड्रिंकिंग वॉटर’, ‘वेटिंग रूम’ जेरंड. ‘रनिंग वॉटर’, ‘बर्निंग लॅम्प’ पार्टिसिपल. विचारायचं एवढंच: ते नाम ती क्रिया स्वतः करतंय, की त्या क्रियेसाठी आहे?

दोघांचं रूप सारखं का, याचं कारण जुनं आहे. जुन्या इंग्रजीत नाम बनवणारा प्रत्यय ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ होता आणि विशेषण बनवणारा ‘-एंडे’. मध्ययुगात ‘-एंडे’ मागे पडला आणि दोन्ही कामं ‘-इंग’वर आली. जर्मनमध्ये ‘-उंग’ आणि ‘-एंड’ आजही वेगळे आहेत. म्हणूनच काही वाक्यांत जेरंड कुठे संपतं आणि पार्टिसिपल कुठे सुरू होतं हे तज्ज्ञांनाही ठामपणे सांगता येत नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात तर दोन्हींना मिळून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं एकच नाव दिलं आहे. ‘ही वेंट फिशिंग’मधलं ‘फिशिंग’ नेमकं काय यावर अर्धा तास वाद घालू नका. वाक्य बरोबर आहे, ते वापरा. परीक्षेसाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातलं वर्गीकरण तेवढं धरा.

सातवी: ती क्रिया नक्की कोणाची?

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उशिरा सापडणारी चूक. संगणकावरची व्याकरण तपासणारी साधनं ‘एन्जॉय टू’ लगेच पकडतात, ही त्यांच्या नजरेतून सुटू शकते.

‘गेटिंग ऑफ द बस, द रेन स्टार्टेड.’ बसमधून कोण उतरलं? इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी कर्त्याविना आलेली पार्टिसिपल फ्रेज पुढच्या मुख्य वाक्याचा कर्ता उसना घेते. इथे तो कर्ता ‘द रेन’. म्हणजे पाऊसच बसमधून उतरला. मराठीत ‘बसमधून उतरल्यावर पाऊस सुरू झाला’ यात काहीच खटकत नाही, कारण ‘-ल्यावर’, ‘-ताना’, ‘असल्यामुळे’ यांचा कर्ता मुख्य वाक्यापेक्षा वेगळा असू शकतो, आणि बहुतेकदा तो न सांगताच कळतो. चूक तिथून सरकत येते.

पण मराठीत एक रूप असं आहे जे इंग्रजीसारखंच वागतं: ‘-ऊन’. ‘बसमधून उतरून पाऊस सुरू झाला’ म्हणून बघा. लगेच कानाला टोचतं. ‘बसमधून उतरून मी छत्री उघडली’ टोचत नाही. म्हणून कसोटी अशी: तुमचं वाक्य मराठीत ‘-ऊन’ लावून म्हणा. जमलं, तर इंग्रजीत ‘-इंग’ने सुरुवात करा: ‘गेटिंग ऑफ द बस, आय ओपन्ड माय अम्ब्रेला.’ खटकलं, तर फ्रेज सोडा आणि कर्ता घालून पूर्ण उपवाक्य लिहा: ‘व्हेन आय गॉट ऑफ द बस, द रेन स्टार्टेड.’ कसोटीला दोन अपवाद आहेत. कारण सांगणारं ‘-ऊन’ (पाऊस पडून चिखल झाला) आणि मधला काळ सांगणारं ‘-ऊन’ (त्याला जाऊन दोन वर्षं झाली) वेगळा कर्ता चालवून घेतात. तिथे कसोटी लावू नका, थेट उपवाक्यच लिहा.

‘बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड’ यातही बँकच सुट्टी होऊन बसते. ‘इट बीइंग अ हॉलिडे’ असा स्वतःचा कर्ता दिला की फ्रेज सुटते, पण ते जरा पुस्तकी वाटतं. ‘ॲज इट वॉज अ हॉलिडे’ रोजच्या वापराला बरं.

पाककृतींतही हे हमखास सापडतं: ‘बॉइल्ड फॉर ट्वेंटी मिनिट्स, यू कॅन पील द पोटॅटोज.’ वीस मिनिटं वाचकच उकडला गेला. ‘बॉइल द पोटॅटोज फॉर ट्वेंटी मिनिट्स अँड पील देम’ लिहा. प्रबंधातलं ‘यूजिंग अ मायक्रोस्कोप, द सेल्स वेअर काउंटेड’ हे इतकं रुळलंय की बरेच जण सोडून देतात, तरी काटेकोर संपादक खूण करतो. ‘द सेल्स वेअर काउंटेड अंडर अ मायक्रोस्कोप’ म्हटलं की वादच उरत नाही. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ यांना मात्र हात लावू नका. त्यांचा कर्ता कोणी शोधत नाही.

क्रियांची वेळही याच वेळी पाहून घ्या. दोन क्रिया लागोपाठ झटकन झाल्या तर नुसतं ‘-इंग’ पुरतं: ‘ओपनिंग द डोअर, ही स्विच्ड ऑन द लाइट.’ पहिली पूर्ण संपून मग दुसरी झाली असेल तर ‘हॅविंग’ लागतं: ‘हॅविंग फिनिश्ड हिज डिग्री, ही जॉइन्ड अ बँक.’

आठवी: स्वल्पविराम, आणि इथून पुढे थांबा

‘द टेनंट्स ऑक्युपाइंग द ग्राउंड फ्लोअर शॅल पे द वॉटर चार्जेस.’ म्हणजे तळमजल्यावर राहणारे भाडेकरू पाणीपट्टी भरतील, वरचे नाही. ‘ऑक्युपाइंग द ग्राउंड फ्लोअर’च्या आधी आणि नंतर स्वल्पविराम दिलेत, तर अर्थ होतो सगळे भाडेकरू भरतील आणि ते सगळे तळमजल्यावरच राहतात. ईमेलमध्ये ही चूक एका फोनने निस्तरते. भाडेकरारात, मृत्युपत्रात, प्रतिज्ञापत्रात किंवा भागीदारीच्या मसुद्यात अशा फ्रेजबद्दल शंका आली, तर स्वतः दुरुस्त करू नका. मसुदा जसाच्या तसा वकिलाकडे न्या. स्वल्पविराम घातल्याने किंवा काढल्याने कुणाचं देणं बदलतं हे त्यांनीच सांगायचं.

शोधनिबंध किंवा प्रबंधाच्या एका पानावर सातव्या तपासणीतल्या तीन-चार चुका निघाल्या, तर वाक्यागणिक डागडुजी करत बसू नका. तितक्या चुका असतील तर निरीक्षण कोणाचं आणि निष्कर्ष कोणाचा हेच मजकुरात धूसर झालेलं असतं. भाषा संपादकाकडे द्या, आणि देताना प्रत्येक प्रयोग कोणी केला हे मार्गदर्शकाकडून पक्कं करून घ्या. संपादकाला ते वाक्यावरून ओळखता येणार नाही.

परीक्षेच्या उत्तरसूचीत जेरंड लिहिलंय आणि तुमच्या कसोटीने पार्टिसिपल येतंय, अशा वेळी पाठ्यपुस्तकातलं तसंच उदाहरण शोधा आणि ते घेऊन शिक्षकांकडे जा. उदाहरण हातात असलं की चर्चा लवकर संपते.

आणि एखाद्या विद्यार्थ्याचं वाक्य पहिल्याच तपासणीत पुन्हा पुन्हा नापास होत असेल, दहापैकी सहा-सात वाक्यांत खरं क्रियापदच सापडत नसेल, तर व्हर्बल फ्रेज तूर्त बाजूला ठेवा. कच्चं राहिलंय ते काळ आणि सहायक क्रियापदांचं शिक्षण. ‘इज गोइंग’मधलं ‘इज’ ज्याचं गळतं, त्याला ‘गोइंग’चे प्रकार शिकवून उपयोग होत नाही. त्याला समोर बसवून शिकवणाऱ्या शिक्षकाकडे पाठवा, आणि ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’पासून सुरुवात करायला सांगा.